दुसरा पापुद्रा

मोठं मशीन तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा ट्यूबमास्तर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण आणि अर्धा गाल मोकळा, अशा अवतारात ते दारात आले आणि टेम्पोतून उतरणाऱ्या त्या उंच काळ्या पेटीकडे बघत उभे राहिले. बघत म्हणजे आपलं म्हणायचं. गेली चार वर्षं त्यांच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला होता, त्यामुळे ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसत नसे आणि आजूबाजूचं सगळं बिनकामाचं तेवढं दिसे. पण टेम्पोची फळी करकरली, दोन हमाल एकमेकांवर ओरडले आणि मागे हॉलवाल्या बाईंनी घसा खाकरला, तेवढ्यावरून त्यांना कळायचं ते कळलं.

"चाळीस मिनिटं?" त्यांनी विचारलं.

"अडतीस," बाई म्हणाल्या. "या वेळी मी घड्याळ समोर ठेवून बसले होते. माझा तुमच्यावर भरवसा आहे हो, मास्तर. मशीनचा उडालेला दिसतोय."

घरातून सासूबाईंचा आवाज आला, "पाहुणे परत आले वाटतं! आता त्यांना एक नाव ठेवून घरातच ठेवून घ्या." एरवी या वाक्यावर मास्तर हसले असते. आज ते गालावरचा साबण वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले. मागे स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभ्या असलेल्या सुनेने ते पाहिलं.

हॉलवाल्या बाईंच्या हॉलमध्ये जुन्या व्हिडिओ गेमची वीस-बावीस मशीनं होती. उभ्याने खेळायची, दांडा आणि दोन बटणं असलेली, आत काचेची फुगीर पिक्चर ट्यूब असलेली. लहानपणी ज्यांनी त्यांवर शाळा बुडवली ते लोक आता स्वतःच्या पोरांना घेऊन येत आणि पोरांना ढकलून स्वतःच खेळत. हे मोठं मशीन विमानाचं होतं. त्याची ट्यूब सगळ्यात मोठी, त्यातलं निळं आकाश सगळ्यात निळं. सुरू केलं की अर्धा तास झकास चालायचं. मग चित्राच्या कडा आत सरकायच्या, आकाशाला लाटा यायच्या, आणि चाळीस मिनिटांच्या आसपास विमानासकट सगळं आकाश काळं व्हायचं.

असले मॉनिटर दुरुस्त करणारं आसपास दुसरं कोणी उरलं नव्हतं. बाकीचे सगळे सपाट पडद्यांवर गेले होते. ट्यूबमास्तर मात्र चाळीस वर्षं त्या एकाच खोलीत, त्या एकाच टेबलाशी बसले होते, आणि एकदा त्यांचा हात लागला की मशीन परत येत नाही अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनी स्वतःच चारचौघांत इतक्या वेळा सांगितली होती की आता तिच्यापासून सुटका नव्हती.

सून या टेबलाशी आली ती चार वर्षांपूर्वी. नवरा बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. ती आधी तयार कपड्यांच्या कारखान्यात कोटांना अस्तर लावायचं काम करायची. कारखाना बंद पडला आणि त्याच सुमारास मास्तरांच्या डोळ्यांत तो डाग आला. एकाला हात होते पण नजर नव्हती, दुसरीला दोन्ही होतं पण काम नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "दोघं दिवसभर माझ्या पायात घोटाळण्यापेक्षा त्या खोलीत जाऊन बसा." अशी तिची नेमणूक झाली.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिला एकच नियम सांगितला. चालू मशीनमध्ये एक हात घालायचा तेव्हा दुसरा हात खिशात. म्हणजे चुकून वीज लागलीच तरी एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून, छातीला आरपार करून जाणार नाही. "ज्या कपड्याला खिसा नाही, तो घालून या टेबलाजवळ यायचं नाही," ते म्हणाले. तिने त्याच दिवशी दुपारी एप्रनला खिसा शिवला. दुहेरी कापडाचा शिवला, कारण ती कुठलीही गोष्ट दुहेरीच शिवायची. कारखान्यात तिचं नावच होतं की हिने लावलेलं अस्तर कोट फाटला तरी फाटत नाही.

मास्तरांनी तिला दुसरी गोष्ट शिकवली ती रेग्युलेटरची. मॉनिटरच्या आत हा एक नग असतो. वरखाली होणारी वीज घ्यायची आणि पुढे एकसारखी द्यायची एवढंच त्याचं काम, पण ते करताना तो भयंकर तापतो. म्हणून त्याला ॲल्युमिनियमच्या जाड, पात्यापात्यांच्या तुकड्यावर आवळून बसवतात. त्याला हीटसिंक म्हणायचं. ताप सगळा तिकडे जातो आणि हवेत विरतो. गोम अशी की रेग्युलेटरच्या धातूच्या पाठीतच वीज असते. ती पाठ थेट हीटसिंकला टेकली तर वीज तिथून मशीनच्या लोखंडी चौकटीत उतरते, आणि मग चौकटीला हात लावणाऱ्याचं काही खरं नाही. म्हणून दोघांच्या मध्ये अभ्रकाचा एक पापुद्रा घालायचा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट पुसटशी लावायची आणि स्क्रूला प्लास्टिकची बारीक नळी चढवायची.

"तापाला वाट द्यायची आणि विजेची वाट अडवायची," मास्तर म्हणाले होते. "दोन्ही कामं या एका पापुद्र्याकडून करून घ्यायची. म्हणून तो पातळ पाहिजे आणि अखंड पाहिजे." त्यांनी तो तिच्या तळहातावर ठेवला. काचेसारखा आरपार, कांद्याच्या सालीइतका हलका. तिने श्वास सोडला तर उडून गेला. दोघं मिळून तो अर्धा तास फरशीवर शोधत होते.

आठ महिन्यांपूर्वी जे झालं ते असं. एका मशीनला जुना रेग्युलेटर मिळेना, म्हणून जरा वेगळा बसवायचा होता. हीटसिंकला नवं भोक पाडलं, पापुद्रा तिने ठेवला, पेस्ट तिने लावली, स्क्रू तिने आवळला. मशीन सुरू झालं, चित्र आलं. मास्तरांनी उजवा हात खिशात घातला आणि डाव्या हाताने चौकट सरळ करायला गेले. तिने फक्त एक आवाज ऐकला, कोणीतरी ओल्या कपड्याचा फटका मारावा तसा. मास्तर मागच्या पोत्यांवर जाऊन पडले होते. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि तोंडातून शब्द नाही. सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं.

ते वाचले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं तेवढी बधिर झाली ती झालीच. पापुद्र्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं सापडलं. मास्तर म्हणाले, "अभ्रक जुना असेल. होतं असं." एवढं बोलून त्यांनी तो विषय मिटवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

तिच्या मनातून मात्र तो हलला नाही. पापुद्रा तिने ठेवला होता. त्याला उजेडात धरून बघितलं होतं का? बघितलं असावं. नक्की आठवेना. रात्रंदिवस तिच्या डोळ्यांसमोर ते उघडं तोंड यायचं. त्या दिवसापासून चालू मशीनजवळ मास्तर नुसते वाकले तरी ती म्हणायची, "बाबा, मागे." आणि पुढच्या मशीनला तिने गुपचूप दोन पापुद्रे घातले. एक फाटला तर दुसरा आहे. अस्तर दुहेरी केलं की निर्धास्त, हे तिच्या बोटांना आधीपासूनच माहीत होतं. मास्तरांच्या कानांना पाकिटाची दुसऱ्यांदा खसखस ऐकू जाऊ नये म्हणून ती दोन पापुद्रे आधीच एकावर एक ठेवून तयार ठेवायची. ते विचारायचे, "अभ्रक घातलास?" ती म्हणायची, "घातला, बाबा." खोटं काही नव्हतं त्यात.

अशी नऊ मशीनं झाली.

मोठं मशीन तिसऱ्यांदा आलं त्या दिवशी मास्तर त्याच्यासमोर संध्याकाळपर्यंत बसले. ते सांगत गेले, ती मीटरची टोकं लावून आकडे वाचत गेली. इथे किती, तिथे किती, हा कपॅसिटर बघ, तो सांधा पुन्हा सोल्डर कर. सगळे आकडे जिथल्या तिथे होते. मेला होता तो फक्त रेग्युलेटर, तोही तिसऱ्यांदा. "हीटसिंक फार तापत नव्हतं ना, चालू असताना?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. अगदी कोमट," ती म्हणाली. तिला तर ती चांगलीच खूण वाटत होती.

मास्तरांनी मीटर बाजूला सारलं. मग म्हणाले, "मला कळत नाहीये."

हे वाक्य तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. गेल्या काही महिन्यांत गाडीच्या शर्यतीचं मशीन एकदा परत आलं होतं आणि बेडकाचं एकदा, तेव्हाही ते खचले होते, पण असं म्हणाले नव्हते. ते उठले, भिंतीला हात लावत फोनपर्यंत गेले आणि त्यांनी आपल्या जुन्या शिष्याला फोन लावला. हा चष्मेवाला बाजारात सपाट पडदे दुरुस्त करायचा. "उद्या चार वाजता खोकी घेऊन ये," मास्तर म्हणाले. "मीटर, सोल्डरिंगचं सामान, सुटे भाग, सगळं घेऊन जा. नाही, रागाने नाही बोलत. डोळे गेले तेव्हा म्हटलं, सूनबाईचे आहेत. आता डोकंच चालेना. ते कोणाचं उसनं आणू?"

सून टेबलाशी पाठमोरी उभी होती. तिच्या हातातल्या सोल्डरिंगच्या कांडीतून धूर येत राहिला. आपल्या घरातलं कोणीतरी आपल्या डोळ्यांदेखत आजारी पडावं आणि औषध सापडू नये, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खोलीत आलेच नाहीत. ती एकटी गेली. नवा रेग्युलेटर बसवला, नेहमीसारखे दोन पापुद्रे, आणि मशीन सुरू करून स्टुलावर बसली. विमान उडत होतं. पस्तीस मिनिटांनी आकाशाच्या कडा आत यायला लागल्या. रेग्युलेटर मरायच्या आत तिने बटण बंद केलं, प्लग उपसला, कपॅसिटरमधली साठलेली वीज दिवा जोडून उतरवली, मीटरने खात्री केली. मग डावा तळहात हीटसिंकवर टेकवून उजव्या हाताने स्क्रू सोडवायला लागली.

"आई गं!"

रेग्युलेटरला लागलेलं बोट तिने झटकन मागे घेतलं. टोक लाल झालं होतं. बोट तोंडात घालून ती उभी राहिली आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की डावा हात अजून हीटसिंकवरच आहे. आणि त्याला काही होत नाहीये. एक बोट भाजलंय, आणि चार बोटांच्या अंतरावर दुसरा तळहात निवांत पडलाय.

ताप रेग्युलेटरमध्येच कोंडला होता. पलीकडे जातच नव्हता.

तिने तो नग काढला. नखाने दोन पापुद्रे सोडवले. बाहेरच्या अंगांना पेस्ट होती, मधे ठणठणीत कोरडं. विजेच्या भीतीने तिने तापाचीही वाट बंद केली होती. लहान ट्यूबच्या मशीनांनी ते कसंबसं सोसलं, काहींनी तेही सोसलं नाही. मोठ्याची तर बातच सोडा. मास्तरांचं डोकं ठीक होतं. त्यांना आकडे सगळे खरे मिळाले होते, एक गोष्ट तेवढी कोणी सांगितली नव्हती.

ती पटकन स्टुलावर बसली. पहिला विचार मनात आला तो अगदी सोपा होता. दुसरा पापुद्रा काढून टाकायचा, मशीन चालवून दाखवायचं, म्हणायचं, बाबा, तुम्ही सांगितलेला तो सांधा पुन्हा केला आणि बघा लागलं चालायला. मास्तर खूश, चष्मेवाला रिकाम्या हाताने परत, आणि कोणाला काही कळायला नको. तिने दुसरा पापुद्रा खिशात टाकलासुद्धा.

मग तिला बाकीची आठ आठवली. ती आज ना उद्या परत येणारच होती, एकेक करून, त्याच टेम्पोतून. आणि दर वेळी मास्तर दारात उभे राहून आपल्या डोक्याला दोष देणार होते.

ती घरात गेली. मास्तर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते, सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या.

"बाबा, मशीन मी बिघडवत होते," ती म्हणाली. जास्त तयारी केली असती तर बोलणंच झालं नसतं. "मी दोन पापुद्रे घालत होते. तुम्हाला शॉक लागल्यापासून. प्रत्येक मशीनला."

सासूबाईंचे हात थांबले. मास्तर हळूच वळले.

"दोन?"

"हो."

"मधे पेस्ट?"

"नाही."

"हीटसिंक कोमट," ते स्वतःशीच बोलले. "कोमट म्हणालीस तू मला. आणि मी समजलो, ठीक आहे म्हणते." मग त्यांचा आवाज चढला. "गाडीचं मशीन?"

"दोन."

"बेडकाचं?"

"दोन, बाबा."

"आठ महिने!" मास्तर उठून उभे राहिले. "आठ महिने मी रोज सकाळी उठून विचार करतोय की आज काय विसरलो असेन. नावं विसरायला लागेन, माणसं विसरायला लागेन, असं वाटत होतं मला. मी म्हातारा झालो नव्हतो. मला तू म्हातारं केलंस!"

तिच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. मास्तर तरातरा बाहेर गेले, वाटेत दाराच्या चौकटीला खांदा आपटला, चौकटीलाच शिवी दिली, आणि खोलीच्या पायरीवर पाठ फिरवून बसले.

सासूबाईंनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली. त्या पायरीपर्यंत गेल्या आणि नवऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या.

"झालं ओरडून?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही पोत्यांवर पडला होतात. तुम्ही काय पाहिलं? छत पाहिलंत. आम्ही तुमचं तोंड पाहिलं. तिने दोन घातले. मी असते तर चार घातले असते आणि वर तुमच्या हातांना रबरी मोजे बांधून ठेवले असते."

"चार घातले असतेस तर पाच मिनिटांत पेटलं असतं," मास्तर म्हणाले.

"पेटू दे. मशीन मला रात्री पाणी आणून देत नाही."

मास्तर तासभर तसेच बसले. ऊन त्यांच्या पायांवरून सरकून भिंतीवर गेलं. मग त्यांनी मान न वळवताच हाक मारली, "सूनबाई! एप्रन घाल आणि ये."

ती आली. ते टेबलाशी आपल्या जागेवर बसले होते. "हीटसिंक पूस. स्पिरिटने. आता भोकाभोवती अंगठा फिरव. काय लागतं?"

"काही नाही. गुळगुळीत आहे."

"त्या दिवशी त्या मशीनचं गुळगुळीत नव्हतं," मास्तर म्हणाले.

तिने वर पाहिलं. त्यांची नजर तिच्या कानाच्या बाजूला कुठेतरी होती, म्हणजे ते तिच्याकडेच बघायचा प्रयत्न करत होते.

"भोक मी पाडलं होतं. आठवतं? तू म्हणालीस मी पाडते, मी म्हटलं, चाळीस वर्षं पाडतोय, तू काय शिकवतेस. भोक पाडलं की कडेला धातूचा बारीक काटा उभा राहतो. तो कानशीने काढायचा असतो. मला दिसला नाही. तुला 'जरा बघ गं' म्हणायला पाहिजे होतं, ते मला जड गेलं. त्या काट्याने अभ्रक टोचला. तुझा पापुद्रा चांगला होता."

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"दुसऱ्याच दिवशी. अंगठा फिरवला आणि कळलं. काटा घासून टाकला आणि गप्प बसलो."

सून एवढ्या जोरात बोलली की आत सासूबाईंच्या हातून शेंगा सांडल्या. "आणि मी आठ महिने समजत होते की मी तुम्हाला मारायला निघाले होते! झोप नाही, जेवण नाही. तुम्ही एक शब्द बोलायचा होता, बाबा! एक शब्द!"

"बोलायचा होता," मास्तर म्हणाले. "मी तेव्हा बोललो असतो तर तू दुसरा घातला नसतास. चुकलो मी. माफ कर मला, बाळ."

तिने एप्रनने नाक पुसलं. रागही आला होता आणि आठ महिन्यांचं ओझं उतरल्यासारखंही झालं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी कसं मावायचं हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिने पापुद्र्यांचं पाकीट ओढलं, चांगली खसखस करत. एक पापुद्रा काढला, खिडकीच्या उजेडात धरला, चारी कडांनी बघितला. पेस्ट पुसटशी लावली, दोन्ही अंगांना. नळी घातली, स्क्रू आवळला, मीटर लावलं.

"काय म्हणतं?"

"काही नाही म्हणत. रेग्युलेटर आणि हीटसिंक यांची ओळखसुद्धा नाही."

"लाव प्लग."

विमान उडालं. दोघं शेजारी शेजारी स्टुलांवर बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. तिसाव्या मिनिटाला तिने स्टूल पुढे ओढलं. पस्तीस झाली, आकाशाच्या कडा जिथल्या तिथे. चाळीस. मास्तर कान देऊन ऐकत होते, कडा आत यायला लागल्या की मशीनचा आवाज बारीक होतो तो त्यांना ओळखता यायचा. आवाज बारीक झाला नाही.

चारला चष्मेवाला तीन मोठी खोकी डोक्यावर घेऊन अंगणात उगवला. सासूबाईंनी त्याला दारातच गाठलं. "खोकी ठेव तिथे, मला थंडीचे कपडे ठेवायला हवीच होती," त्या म्हणाल्या. "आणि टेम्पोवाल्याला निरोप दे. आठ मशीनं आणायची आहेत." बिचारा खोकी ठेवून गेला. त्याला शेवटपर्यंत काही कळलं नाही.

पन्नास मिनिटं झाली तेव्हा मास्तर उठले. त्यांनी उजवा हात खिशात घातला आणि मशीनच्या मागच्या बाजूला, उघड्या चौकटीपाशी येऊन थांबले. सून त्यांच्या आधीच तिथे होती. तिचं एक बोट बटणावर होतं, नुसतं टेकवलेलं, आणि जिभेच्या टोकावर तो नेहमीचा शब्द होता. बाबा, मागे.

"हात ठेवू?" मास्तरांनी विचारलं.

चाळीस वर्षं हे काम केलेल्या कारागिराने असं कधी कोणाला विचारलं नव्हतं. तिने पडद्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. ते मिटलेलं होतं, वाट बघत होतं.

"ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी आधी हाताची पालथी बाजू टेकवली, रीतीप्रमाणे. मग हात उलटा करून तळवा हीटसिंकच्या पात्यांवर ठेवला.

"गरम आहे का, बाबा?"

"दोन बोटं बहिरी आहेत, त्यांना नको विचारू. बाकीची तीन म्हणतायत, चांगलं गरम आहे." आणि ते हसले, तोंडभर.

तिने बटणावरचं बोट काढलं. उजवा हात दुहेरी खिशात घातला. तिथे सकाळी टाकलेला तो दुसरा पापुद्रा होता, तो बोटांखाली चुरचुरला. डावा हात तिने पुढे केला, आधी पालथा, मग सुलटा, आणि मास्तरांच्या हाताशेजारी ठेवला.

"इतकं गरम असायला हवं होतं होय," ती म्हणाली.